मेमध्ये १६.९, जूनमध्ये १४.१: एकाच माणसाचं हिमोग्लोबिन आणि फुकटची धावपळ

पेशंट ३४ वर्षांचा पुरुष, सिव्हिल इंजिनिअर. मूळचा वर्धा जिल्ह्यातला, पण सहा वर्षं पुण्यात एसी ऑफिसात बिलिंगचं काम केलेला, आणि मेच्या पहिल्या आठवड्यात कंपनीने उचलून चंद्रपूरकडच्या सिमेंट रोडच्या साइटवर टाकलेला. बीपी नाही, शुगर नाही, सिगारेट नाही, खर्रा (तंबाखू-सुपारीचा) अधूनमधून, इकडे त्याला व्यसनात धरतच नाहीत. ओळख पटेल असे तपशील बदललेत. मी नागपुरात पॅथॉलॉजी करते, आणि ही फाईल माझ्याकडे आली तोवर त्यात तीन सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), एक सोनोग्राफी, जॅक-२ ह्या जनुकाच्या टेस्टची चिठ्ठी आणि एन्डोस्कोपीची चिठ्ठी एवढा ऐवज जमला होता.

आधी आकडे बघू, कारण सगळी गंमत तिथेच आहे.

जानेवारीत पुण्यात कंपनीचं वार्षिक मेडिकल झालं त्यात हिमोग्लोबिन १५.२, पीसीव्ही म्हणजे हिमॅटोक्रिट ४५.४ टक्के, लाल पेशी ५.१२ मिलियन, पांढऱ्या ७,१००, प्लेटलेट २.६ लाख. रिपोर्टवर एकही लाल अक्षर नाही. मेमध्ये साइटवर चौथ्या दिवशी दुपारी पायात गोळे आले, डोकं गरगरलं, उलटी झाली, सोबतच्यांनी गाडीत घालून तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. तिथला रिपोर्ट: हिमोग्लोबिन १६.९, पीसीव्ही ५०.४, लाल पेशी ५.६८, पांढऱ्या १३,४०० त्यात न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) ८१ टक्के, प्लेटलेट ३.४ लाख. सोबत युरिया ५२, क्रिएटिनिन १.४, सोडियम १४७, टोटल प्रोटीन ८.६. आणि मग जूनच्या मध्यावर साइटवर हाताला पत्रा लागून टाके पडले, त्या हॉस्पिटलात रुटीन म्हणून परत सीबीसी: हिमोग्लोबिन १४.१, पीसीव्ही ४२.२, लाल पेशी ४.७४, पांढऱ्या ६,४००, प्लेटलेट २.३ लाख.

मेच्या रिपोर्टवर त्याला सांगितलं गेलं की रक्त घट्ट झालंय, पॉलिसायथेमिया म्हणजे लाल पेशी जास्त होण्याचा आजार असू शकतो, रक्त पातळ व्हायची गोळी सुरू करा, नागपूरला जाऊन जॅक-२ करा, कदाचित रक्त काढावं लागेल. जूनच्या रिपोर्टवर दुसऱ्या डॉक्टरांनी मेचा रिपोर्ट शेजारी ठेवला आणि म्हणाले महिनाभरात जवळपास ३ ग्रॅम हिमोग्लोबिन उतरलंय, त्यात रक्त पातळ व्हायची गोळी चालू, म्हणजे पोटात कुठेतरी रक्तस्राव असणार, एन्डोस्कोपी करा. तसं बघायला गेलं तर दोघांचंही आपापल्या जागी काही चुकलं नाही, समोर जो कागद आला त्यावर पुस्तकात जे लिहिलंय तेच ते बोलले. पण पेशंटची मोठी बहीण सोबत आली होती, तिने मला जे विचारलं ते दोघांनाही सुचलं नव्हतं. "मॅडम, आधी म्हणे रक्त जास्त झालं, आता म्हणे कमी झालं, मधल्या मधे गेलं कुठं?"

कुठंच गेलं नव्हतं.

हिमोग्लोबिनचा जो आकडा आपण वाचतो तो ग्रॅम प्रति डेसिलिटर असतो, म्हणजे १०० मिली रक्तात किती. अंगात एकूण हिमोग्लोबिन किती आहे हे सीबीसी सांगतच नाही, ते मोजायला कार्बन मोनॉक्साइड हुंगवून करायची वेगळी टेस्ट लागते आणि ती खेळाडूंच्या लॅब सोडून सहसा कुणी करत नाही. वरणात पाणी वाढवलं म्हणून डाळ कमी होत नाही आणि आटवलं म्हणून वाढत नाही, तसंच हे. लाल पेशी सरासरी १२० दिवस जगतात, रोज साधारण एक टक्का मरतात आणि तेवढ्याच नव्या येतात, त्यामुळे चार दिवसांत लाल पेशी ११ टक्के वाढणं शरीराला जमणारच नाही. पण प्लाझ्मा म्हणजे रक्तातला पाण्याचा भाग तासाभरात खालीवर होतो. तेव्हा आकडा झपकन हलला की पहिला संशय पाण्यावर घ्यायचा, पेशींवर नंतर.

आणि ह्या केसमध्ये तो संशय खरा ठरवणारा पुरावा त्याच तीन कागदांवर छापलेला होता, फक्त सगळे बोल्ड केलेलं हिमोग्लोबिन बघतात आणि खालच्या ओळींकडे कोणी जात नाही. एमसीव्ही म्हणजे लाल पेशीचा सरासरी आकार बघा. जानेवारीत ८८.७, मेमध्ये ८८.७, जूनमध्ये ८९.०. एमसीएच, म्हणजे एका पेशीतलं हिमोग्लोबिन, तिन्ही वेळा २९.७ च्या आसपास. म्हणजे पेशीचा आकार तोच, पेशीतलं हिमोग्लोबिन तेवढंच, फक्त दर मिलिलिटरमागे पेशी कमी-जास्त. खरा पॉलिसायथेमिया व्हेरा (बोन मॅरोच लाल पेशी जास्त बनवतो तो प्रकार) असेल तर बरेचदा लोह संपत आलेलं असतं आणि एमसीव्ही खाली घसरलेला असतो. पोटातून महिनाभर रक्त झिरपत असेल तर रेटिक्युलोसाइट म्हणजे नव्या कोवळ्या लाल पेशी वाढतात आणि पुढेपुढे पेशी लहान व्हायला लागतात. इथे दोन्हीतलं काहीच नाही. वर मेमध्ये टोटल प्रोटीन ८.६, जे जानेवारीत ७.४ होतं. बोन मॅरोच्या आजारात लाल पेशी वाढतील पण त्यांच्यासोबत प्रोटीन, युरिया, सोडियम एकाच दिवशी कशाला वर चढेल. सगळंच वर आहे म्हणजे मधलं पाणी कमी आहे, एवढं सरळ गणित.

गणितच करायचं तर डिल आणि कॉस्टिल ह्या दोघांनी १९७४ साली दिलेला एक फॉर्म्युला आहे, दोन वेळचं हिमोग्लोबिन आणि हिमॅटोक्रिट टाकलं की प्लाझ्मा किती टक्के बदलला ते निघतं. क्रीडा-वैद्यक वाले तो सर्रास वापरतात, आपल्या ओपीडीत कुणी वापरताना दिसत नाही. जानेवारीच्या मानाने मेमध्ये प्लाझ्मा सुमारे १८ टक्के कमी आणि जूनमध्ये सुमारे १४ टक्के जास्त असं उत्तर आलं. लाल पेशींचा साठा तोच आहे असं धरून केलेला हा हिशोब आहे, तेव्हा दशांशावर भांडू नका, पण चित्र स्पष्ट आहे.

आता १८ टक्के प्लाझ्मा एका घामाने जात नाही, त्यामुळे मी त्याला बसवून सगळं विचारलं. सकाळी सहाला साइटवर, नाश्त्याला एक तर्री-पोहा, दोन चहा, पाण्याची बाटली एक लिटरची ती अकरापर्यंत संपली, मग टँकरचं पाणी गरम म्हणून प्यायला नाही, दुपारी दीडपर्यंत उन्हात. चंद्रपूर-ब्रह्मपुरी पट्ट्यात मेमध्ये ४५ झालं तर पेपरात आतल्या पानावर येतं, आणि सिमेंटच्या पांढऱ्या स्लॅबवर उभं राहिलं की खालूनही भाजतं ते वेगळंच. सकाळपासून लघवीला एकदाच गेला, तीही गडद पिवळी. अशा उन्हात काम करणाऱ्याला तासाला एक लिटर घाम सहज जातो, म्हणजे कडक उन्हाच्या तासांतच तीन-चार लिटरचा खड्डा आणि भरलं एक लिटर. बरं दवाखान्यात गेल्यावर तिथे गर्दी, नंबर येईपर्यंत अर्धा तास भिंतीला टेकून उभा, आणि ब्लड उभ्यानेच काउंटरवर हात ठेवून घेतलं. उलटी होत होती म्हणून घाईघाईत पट्टा बांधला, शीर सापडेना म्हणून बराच वेळ बांधलेलाच राहिला.

ह्यातली उभं राहण्याची गोष्ट लोकांना खोटी वाटते पण ती फार मोठी आहे. माणूस आडवा असताना आणि नंतर अर्धा तास उभा राहिल्यावर हिमॅटोक्रिटमध्ये जवळपास १० टक्के सापेक्ष फरक पडू शकतो, कारण पायातल्या शिरांमधला दाब वाढून पाणी बाहेरच्या टिश्यूत झिरपतं आणि पेशी आतच राहतात. पट्टा एक मिनिटापेक्षा जास्त बांधून ठेवला तर हातातल्या हातात तोच प्रकार. म्हणून खेळाडूंच्या डोपिंग तपासणीत, २००९ पासून जो बायोलॉजिकल पासपोर्ट चालतो त्यात, ब्लड घेण्याआधी खेळाडूला कमीत कमी १० मिनिटं बसवून ठेवतात आणि व्यायाम झाला असेल तर ठरलेला वेळ थांबतात. तिथे आकड्यावरून माणसाचं करिअर बरबाद होतं म्हणून एवढी काळजी. आमच्याकडे "पुढचा कोण" म्हणायचं, हात पुढे, झालं.

तर मेच्या १६.९ मध्ये मूळचे १५.२ होतेच, वरचा सगळा घाम, उभं राहणं आणि पट्टा. पुरुषाला हिमोग्लोबिन १६.५ च्या वर किंवा हिमॅटोक्रिट ४९ च्या वर गेलं की पॉलिसायथेमियाचा विचार करा असं पुस्तकात आहे, आणि ते बरोबरच आहे, पण त्यात अध्याहृत आहे की माणूस नीट पाणी प्यालेला, बसलेला, निवांत असताना हा आकडा आला पाहिजे आणि पुन्हा केल्यावरही आला पाहिजे. सलाइनच्या दोन बाटल्या लावल्या होत्या त्याला, दुसऱ्या दिवशी सकाळी फक्त सीबीसी परत केली असती तर १५ च्या घरात आली असती आणि हा लेख लिहायचं कामच उरलं नसतं. उलट घाम जाऊन प्लाझ्मा आधीच कमी झालेल्या माणसाचं "घट्ट रक्त" म्हणून कुणी खरंच एक पिशवी रक्त काढलं असतं तर काय झालं असतं ह्याचा विचार करून मला आजही घाम फुटतो. गोळीचंही तेच, किडनीवर ताण दाखवणारं क्रिएटिनिन १.४ असताना ॲस्पिरिन कशाला.

पांढऱ्या पेशींबद्दल थोडं, कारण त्याला पाच दिवस अँटिबायोटिकही दिलं गेलं. १३,४०० आणि न्यूट्रोफिल ८१ टक्के बघितलं की इन्फेक्शन हा शब्द आपोआप तोंडात येतो. पण नुसत्या पाणी कमी होण्याने ७,१०० चे फार तर ७,९०० होतील. बाकीच्या आल्या कुठून तर रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून बसलेल्या पेशी ताणात ॲड्रिनॅलिनने सुटून वाहत्या रक्तात येतात, आणि थोड्या वेळाने कॉर्टिसोल मॅरोमधून आणखी सोडतं. प्लेटलेटचंही तसंच, २.६ वरून घट्टपणामुळे २.९ होतील, पण ३.४ झाल्या त्या प्लीहेतल्या साठ्यातून आणि ताणामुळे. लंडनमध्ये कीटिंग नावाच्या संशोधकाने १९८६ साली निरोगी स्वयंसेवकांना ४१ अंशांच्या वाहत्या हवेत सहा तास ठेवून हेच दाखवलं होतं की लाल पेशी, प्लेटलेट आणि रक्ताचा चिकटपणा सगळंच वाढतं, आणि त्याच्या दोन वर्षं आधी त्यानेच थंडीत ठेवूनही वाढतं हे दाखवलं होतं. उन्हाळ्याच्या लाटेत नुसते उष्माघाताचेच नाही तर हार्ट आणि लकव्याचे पेशंट का वाढतात ह्याचा एक धागा तिथे लागतो.

इथे एक गोष्ट ठासून सांगते. हा माणूस शुद्धीवर होता, बडबडत नव्हता, ताप ३८.१ सेल्सियस होता. म्हणजे ऊन लागलं होतं, उष्माघात नव्हता. अंगाचं आतलं तापमान ४० च्या वर, बोलणं असंबद्ध किंवा झटके असा प्रकार असेल तर प्लेटलेट वाढत नाहीत, पडायला लागतात, रक्त गोठण्याची यंत्रणाच बिघडते, लिव्हर-किडनी जाते. तिथे सीबीसीचा अर्थ लावत बसायचं नसतं, आधी अंगावर पाणी, पंखा, बर्फ आणि गाडी. उन्हात प्लेटलेट उतरलेल्या दिसल्या तर ती वाढलेल्यांपेक्षा कितीतरी जास्त काळजीची गोष्ट आहे.

आता जूनकडे येऊ, कारण लोकांना घट्ट होणं पटतं, पातळ होणं पटत नाही.

माणूस नव्याने उन्हात काम करायला लागला की शरीर तीन-चार दिवसांत हिशोब बदलतं. घामातून मीठ-पाणी चाललंय हे कळलं की अल्डोस्टेरॉन आणि एडीएच ही हॉर्मोन्स किडनीला सांगतात की जमेल तेवढं मीठ-पाणी धरून ठेव. सोबत रक्तात अल्ब्युमिन वाढतं आणि ते पाणी ओढून ठेवतं. आठ-दहा दिवसांत प्लाझ्मा साधारण ५ ते १५ टक्के वाढतो, घाम लवकर सुटायला लागतो आणि त्यात मीठ कमी जातं, त्याच कामाला नाडी आधीपेक्षा कमी पळते. ह्याला उष्णतेची सवय होणं म्हणतात आणि हे सगळं चांगलं आहे, त्वचेकडेही रक्त पाठवायचं आणि स्नायूंकडेही तर वाहतं रक्त जास्त पाहिजे. फक्त त्यात पेशी तेवढ्याच असतात म्हणून हिमोग्लोबिनचा आकडा खाली येतो. तो अशक्त झालेला नसतो, उलट जूनमध्ये त्याला मी विचारलं तर म्हणाला आता पाच तास उन्हात उभं राहतो, काही होत नाही, पहिल्या आठवड्यात मेलोच होतो.

त्याचं मेमधलं एक वाक्य त्याच्या मुकादमाने ताईंना, म्हणजे त्याच्या बहिणीला, सांगितलं होतं, "आम्ही वर्ध्याचे, आम्हाले ऊन काय करते". लहानपणीची सवय पुण्याच्या एसीत शिल्लक राहत नाही. उन्हातून बाहेर पडलं की दोन-तीन आठवड्यांत बराचसा फायदा निघून जातो, सहा वर्षांनी तर तो पुणेकरच झाला होता, शरीरापुरता तरी.

आणि जूनच्या रिपोर्टमध्ये अजून एक भर आहे. हाताला टाके घालायचे म्हणून त्याला तासभर कॉटवर आडवं ठेवलं होतं आणि ब्लड त्याच अवस्थेत घेतलं. मेमध्ये उभा राहून आकडा वर गेला होता, जूनमध्ये आडवा होऊन खाली आला. म्हणजे दोन्ही वेळा ऊन आणि पोझिशन एकाच बाजूला जोर लावत होते, योगायोग म्हणायचा.

बरं, किती फरकाला फरक म्हणायचं? एकाच निरोगी माणसाचं हिमोग्लोबिन आठवड्या-आठवड्याला आपलं आपण साधारण पावणेतीन-तीन टक्के हलतं आणि मशीनचा स्वतःचा एखादा टक्का धरला तर दोन रिपोर्टांमधला सुमारे ८ टक्क्यांपर्यंतचा फरक नुसता चढउतार म्हणून सोडून देता येतो, त्यापुढे विचार करायचा. प्लेटलेटला ही सूट २० टक्क्यांच्या पुढे आणि पांढऱ्या पेशींना ३० टक्क्यांच्या आसपास मिळते, त्या स्वभावानेच चंचल. आता लावून बघा. जानेवारी ते मे: ११ टक्के वर, म्हणजे काहीतरी झालं होतं, आणि काय ते कळलं. जानेवारी ते जून: ७ टक्के खाली, म्हणजे सुटीच्या आतच. जूनच्या डॉक्टरांना धक्का बसला तो १६.९ शी तुलना केल्यामुळे, तिथून १६ टक्क्यांहून जास्त घसरण दिसते. फुगलेल्या आकड्यावरून मोजलं तर पडझड दिसणारच. जानेवारीचा रिपोर्ट पुण्यात ईमेलमध्ये पडून होता, कुणी मागितला नाही आणि ह्याने दाखवला नाही.

मला एकच शंका होती, सॅम्पलची. तालुक्याहून जिल्ह्याच्या लॅबला ट्यूबा बाइकवर जातात, मेच्या दुपारी, डब्यात आइस पॅक असतो किंवा असायला हवा. जांभळ्या झाकणाची ट्यूब गरमीत तासन् तास राहिली तर लाल पेशी फुगतात, एमसीव्ही आणि त्यासोबत हिमॅटोक्रिट वर जातं, हिमोग्लोबिन मात्र तेच राहतं कारण मशीन पेशी फोडूनच ते मोजतं. आणि बंद गाडीत डॅशबोर्डवर राहिली आणि ५० अंशांच्या आसपास गेली तर पेशींचे तुकडे पडतात, ते तुकडे मशीनला प्लेटलेट वाटतात आणि प्लेटलेटचा आकडा खोटाच वाढतो. असं झालंय का हे ओळखायला हिमोग्लोबिनला तीनने गुणून हिमॅटोक्रिटशी जुळतंय का बघायचं. १६.९ गुणिले ३ म्हणजे ५०.७, रिपोर्टमध्ये ५०.४. जुळलं. एमसीव्ही पण जागेवर. तेव्हा बाइकवाल्याला ह्यातून मोकळं केलं.

मग मी काय केलं तर फार काही नाही. आदल्या दिवशी सुट्टी घे, नेहमीसारखं खा-पी, रात्री आणि सकाळी पाणी पी, सकाळी आठला ये असं सांगितलं, आल्यावर पंख्याखाली १५ मिनिटं बसवला, पट्टा मिनिटाच्या आत सोडला, ट्यूब तासाभरात मशीनवर. हिमोग्लोबिन १४.६, पीसीव्ही ४३.६, लाल पेशी ४.९०, प्लेटलेट २.४ लाख, रेटिक १.१ टक्के, लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन ९६. विदर्भात सिकल सेलचा आजार बऱ्यापैकी आहे आणि सिकलवाल्यांना पाणी कमी पडणं फार महागात पडतं, म्हणून त्याची सोल्युबिलिटी टेस्ट पण केली, निगेटिव्ह. स्टूल ऑकल्ट ब्लड (शौचातलं डोळ्याला न दिसणारं रक्त) टेस्ट त्याने आधीच कुठेतरी करून घेतली होती, तीही निगेटिव्ह. काचेवरचा रक्ताचा स्मिअर मी स्वतः पाहिला, कंटाळवाणा नॉर्मल. एन्डोस्कोपी नको म्हटलं, जॅक-२ आत्ता नको म्हटलं, गोळी बंद करायला त्याच्या फिजिशियनला फोन केला. ताईंनी बीटाचा रस आणि लोहाचं टॉनिक सुरू केलं होतं, टॉनिक थांबवा म्हटलं, फेरिटिन ९६ असताना त्याची गरज नाही, बीट चालू द्या, बीटाने कुणाचं वाईट होत नाही.

जॅक-२ बद्दल गैरसमज नको. पॉलिसायथेमिया व्हेराच्या सुमारे ९५ टक्के पेशंटमध्ये हा बदल सापडतो, फार उपयोगी टेस्ट आहे. अंघोळीनंतर अंगाला खाज, प्लीहा वाढलेली, आणि नीट पाणी पिऊन बसून दोनदा केलेल्या सीबीसीतही आकडा वरच असेल तर मी स्वतः लिहून देईन. घोरणारा लठ्ठ माणूस, बिडीवाला, जुना दमेकरी ह्यांचं पण हिमोग्लोबिन खरंच वाढलेलं असतं आणि ते मे-डिसेंबर बारा महिने वाढलेलं असतं.

आता हे एका माणसाचं झालं, पण ऋतूप्रमाणे सगळ्यांचंच थोडं हलतं. युरोपात, जिथे रक्तदात्यांच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी आहेत, तिथे हिवाळ्यात हिमोग्लोबिन वर आणि उन्हाळ्यात खाली हा नमुना ठरलेला आहे, सरासरी फरक लहान, अर्ध्या ग्रॅमच्या आतला. थंडीत त्वचेच्या रक्तवाहिन्या आवळतात, लघवी जास्त होते, प्लाझ्मा कमी होतो. अर्धा ग्रॅम म्हटलं की १५.२ वाल्याला काय फरक पडतो, पण आपल्याकडे रक्तदानाला पुरुष-बाई दोघांनाही १२.५ ची एकच अट आहे आणि कितीतरी बायका १२.५ च्या कुंपणावरच असतात. त्याच बाईला जानेवारीच्या शिबिरात "या ताई" आणि मेमध्ये "हिमोग्लोबिन कमी आहे" म्हणून परत पाठवतात. कॉलेजं बंद म्हणून उन्हाळ्यात शिबिरं आधीच कमी, त्यात हे. अट सैल करा असं मी म्हणत नाही, पण परत पाठवलेल्या बाईला ॲनिमिया झालाय असं सांगून घाबरवू नये, फेरिटिन करून बघावं. आणि ज्या गावात २३ मे २०१३ ला पारा ४७.९ वर गेला आणि २९ डिसेंबर २०१८ ला ३.५ वर उतरला त्या नागपुरात लॅबच्या रिपोर्टवर नॉर्मल रेंज मात्र बारा महिने एकच छापलेली असते, माझ्याही.

दुसरं ठिकाण जिथे हे चावतं ते म्हणजे पावसाळ्यातला डेंग्यू. घराघरात प्लेटलेटचं टेन्शन असतं, पण रक्तवाहिन्यांतून प्लाझ्मा गळतोय का हे कळतं हिमॅटोक्रिटवरून, तो पेशंटच्या नेहमीच्या आकड्यापेक्षा २० टक्के चढला की गळती धरतात. नेहमीचा आकडा कोणाकडे असतो? ह्याच माणसाचं जूनचं ४२.२ धरून मेचं ५०.४ बघितलं तर १९ टक्के चढ दिसतो, डेंग्यूचा डासही चावलेला नसताना. तेव्हा त्या दिवसांत सकाळ-संध्याकाळ एकाच लॅबमध्ये, एकाच पद्धतीने केलेल्या दोन सीबीसी एका जुन्या अनोळखी रिपोर्टपेक्षा जास्त कामाच्या, आणि तब्येत, बीपी, लघवी, पोटदुखी हे त्याच्याही वर.

डिसेंबरमध्ये तो सुट्टीला आला तेव्हा परत तसंच बसवून केलं, १५.३. साइटवर नवीन येणाऱ्यांना पहिला आठवडा सकाळचंच काम द्या, उन्हातले तास रोज थोडेथोडे वाढवा, टँकरच्या पाण्याला सावली करा आणि ओआरएसची पाकिटं मुकादमाच्या खिशात नको तर पाण्याजवळ ठेवा असं त्याने त्याच्या मॅनेजरला सांगितलं आणि बऱ्यापैकी ऐकलं गेलं म्हणे. मी कंपनीला लिहून दिलं होतं की साइटवाल्यांचं वार्षिक मेडिकल जानेवारीतच ठेवा म्हणजे आधीच्या वर्षाशी तुलना होईल. उत्तर आलं की नवीन बजेट एप्रिलमध्ये सुटतं त्यामुळे मेडिकल मेमध्येच होणार. मग निदान सकाळी आठच्या आत घ्या, कामावरून आणून उभ्याने घेऊ नका आणि दरवर्षी मेमध्येच घ्या, असं परत कळवलंय.